एकाच गोळीनं एकाला आराम, दुसऱ्याची मान वाकडी. असं का होतं?

वरकुटे (ता. इंदापूर) : उलट्या थांबत नाहीत म्हणून पोराला दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं. उलट्या थांबल्या. पण रात्री जेवायच्या वेळेला पोराची मान एका बाजूला वळायला लागली, डोळे वर गेले, जबडा आवळला, जीभ आत घेता येईना. पोरगं शुद्धीवर असतं, विचारलेलं सगळं त्याला कळतं, पण मान काही सरळ होत नाही. अशा वेळी घरातल्या जाणत्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो ते सांगायची गरज नाही. ‘बाहेरचं’ झालं. मग लिंबू उतरतं, अंगारा लागतो आणि कुणीतरी मोटारसायकल घेऊन देवऋषाला आणायला जातं.

हे बाहेरचं नसतं, आतलंच असतं. मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं जुनं आणि स्वस्त औषध. काहींच्या, त्यातही लहान आणि तरुण वयातल्यांच्या, मेंदूत हालचाल सांभाळणारा जो भाग आहे त्याला हे औषध अडवतं आणि स्नायू आवळून बसतात. डॉक्टर याला डिस्टोनिया म्हणतात. यावरही उतारा आहे, पण तो इंजेक्शनचा. ते दिलं की बहुतेकांची मान अर्ध्या तासात सरळ होते. नाही दिलं तरी मूळ औषधाचा अंमल काही तासांनी उतरतोच. तेवढ्यात देवऋषी पोचलेला असेल तर श्रेय त्याला जातं, एवढंच.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. तेच औषध, तेवढंच औषध, शेजारच्या पोराला दिलं तेव्हा त्याला काहीच झालं नाही. मग यालाच का?

हा प्रश्न मानसिक आजाराच्या गोळ्यांना जास्त लागू पडतो, कारण त्यातल्या पुष्कळ गोळ्या मेंदूतल्या त्याच जागेवर काम करतात. उलटीचं इंजेक्शन एकदाच घ्यायचं असतं, स्किझोफ्रेनियाची गोळी वर्षानुवर्षं. चार दिवसांत हात थरथरायला लागले, चाल आखडली, तोंडातून लाळ गळायला लागली की घरचे म्हणतात, ‘औषधानं आणखीनच बिघडवला.’ गोळ्या उकिरड्यावर जातात. दोन-चार महिन्यांनी माणूस परत रात्री-अपरात्री एकटा बोलत रानात फिरायला लागतो. मग गाव म्हणतं, बघा, डॉक्टरनं काही होत नाही.

चारीला पाणी एक, दारं वेगवेगळी

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांच्या हातून. डोपामिन हे त्यातलं एक. एका पेशीनं ते सोडायचं आणि पुढच्या पेशीनं घ्यायचं. घ्यायला पेशीच्या अंगावर खास जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ज्यानं थंडीच्या रात्री उसाला दारं धरलीत त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. डोपामिन म्हणजे चारीचं पाणी आणि रिसेप्टर म्हणजे वावराच्या तोंडावरचं दार. दार उघडं असलं तर पाणी वावरात, फळी टाकली तर चारी भरून वाहत असली तरी वावर कोरडं.

डोपामिनच्या चाऱ्याही एकच नाहीत. एक चारी हालचालीच्या वावराला जाते. एक, आजूबाजूच्या कुठल्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं हे ठरवणाऱ्या भागाला जाते. स्किझोफ्रेनियात या चारीला पाणी जास्त सुटतं असं समजलं जातं. मग पारावर दोन माणसं आपसात हसली तरी ती आपल्यावरच हसली असं पक्कं वाटतं, टीव्हीवरचा माणूस आपल्याचबद्दल बोलतोय असं वाटतं, कुणी नसताना आवाज येतात. तिसरी चारी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडे जाते आणि अंगावरच्या दुधाचं संप्रेरक आवरून धरते. या सगळ्या चाऱ्यांवर एका जातीची दारं आहेत, ‘डी टू’ नावाची. गोंधळ इथंच आहे. फळी टाकायची असते एका वावराला, पण गोळीला वावर ओळखता येत नाही. ती सगळीकडेच फळ्या टाकत जाते.

स्किझोफ्रेनियावरचं पहिलं खरं औषध क्लोरप्रोमाझिन. ते पॅरिसमध्ये १९५२ साली रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. तेव्हा रिसेप्टर वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं, गुण येतोय एवढंच दिसत होतं. ही औषधं डोपामिनच्या दारावर बसतात हे कळायला १९७०चं दशक उजाडलं. पुढं जिवंत माणसाच्या मेंदूचं स्कॅन करून किती दारं बंद झालीत हे मोजता यायला लागलं. त्यातून जो आकडा निघाला तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साधारण ६५ टक्के दारं बंद झाली की आवाज, संशय कमी व्हायला लागतो. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की थरथर, आखडणं सुरू होतं. म्हणजे डॉक्टरला खेळायला जागा किती? पंधरा टक्क्यांची. त्यात प्रत्येक माणसाचं अंग वेगळं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड बोलायला पाहिजे. रिस्पेरिडोनसारख्या गोळीनं दुधाच्या संप्रेरकावरचा आवर सुटतो. मग पाळी थांबते, कधी बाळ नसतानाही अंगावर दूध येतं. लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत हे घडलं तर घरात काय काय शंका घेतल्या जातात ते वेगळं लिहायला नको. ती बिचारी लाजेनं कुणाला सांगत नाही आणि गुपचूप गोळी सोडते. हा औषधाचा परिणाम आहे, डॉक्टरला सांगितलं तर गोळी बदलून मिळते किंवा डोस कमी करता येतो.

गाळप कुणाचं किती

आता ‘यालाच का’ या प्रश्नाकडे येऊ. दोन माणसांत फरक पडायला दोन मुख्य जागा आहेत. एक, मेंदूतलं दार. दुसरी, पोटातलं यकृत, म्हणजे लिव्हर.

आपल्याला वाटेल मेंदूची गोळी म्हणजे सगळा फरक मेंदूतच असणार. शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण गोळी ठरवताना आज खरा उपयोगाचा निघाला तो लिव्हरमधला फरक.

कारखान्याचं उदाहरण घ्या. एका कारखान्याची गाळप क्षमता मोठी, दुसऱ्याची लहान. दोन्हीकडे रोज तेवढ्याच गाड्या ऊस आला तर मोठा कारखाना संध्याकाळपर्यंत यार्ड मोकळं करतो, लहान कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग वाढत जाते. लिव्हरमध्ये औषध गाळणारी द्रव्यं असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. त्यातलं एक सीवायपी२डी६. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या आणि वर सांगितलेलं उलटीचं औषध, या सगळ्यांच्या गाळपात याचा हात आहे. हे एन्झाइम बनवायचा नमुना जीनमध्ये लिहिलेला असतो, आणि तो सगळ्यांचा सारखा नसतो. काहींच्यात तो जीन बिघडलेला असतो, काहींच्यात पार गाळलेला, तर काहींच्यात एकाऐवजी जास्तीच्या प्रती असतात. भारतात शंभरात दोन ते पाच माणसांचं हे गाळप अगदी मंद असतं. अशा माणसाला नेहमीचा डोस म्हणजे जास्तीचा डोस. अंगात औषध साठत जातं, दारं ८० टक्क्यांच्या पुढे बंद होतात आणि मान वाकडी होते. उलट ज्याचं गाळप जोरात, त्याला तीच गोळी पाण्यासारखी जाते.

दुसरं एन्झाइम सीवायपी२सी१९. नैराश्य आणि घबराटीवर दिली जाणारी एसिटालोप्रॅम याच्याकडे जाते. याचं मंद गाळप आपल्या देशात युरोपपेक्षा जास्त माणसांत सापडतं, शंभरात दहाच्याही पुढे. पुस्तकातला डोस बहुतेक वेळा परदेशातल्या माणसांवर ठरलेला असतो, हे यासाठी लक्षात ठेवायचं. चांगला डॉक्टर कमी डोसनं सुरुवात करून हळूहळू वाढवतो. लोक मात्र म्हणतात, ‘डॉक्टरनं आधी हलकी गोळी दिली, पैसे काढायला परत बोलावतोय.’

म्हणूनच भावाची चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून स्वतःसाठी गोळ्या आणणं हा प्रकार फार धोक्याचा. सख्ख्या भावाचं लिव्हरही आपल्यासारखंच असेल असं नाही.

‘घराण्यात आहे’ म्हणजे नक्की काय

आता दारांच्या जीनकडे. डी टू दार घडवणाऱ्या जीनचं नाव डीआरडी२. या जीनची कथा जरा गमतीची आहे. १९९० साली अमेरिकेत ७० मृत माणसांचे मेंदू तपासून, दारुड्यांच्यात या जीनचा एक नमुना जास्त सापडतो असं जाहीर झालं. वर्तमानपत्रांनी ‘दारूचा जीन सापडला’ म्हणून डांगोरा पिटला. पुढच्या अभ्यासांत तो संबंध कधी दिसला, कधी दिसलाच नाही. २००४ मध्ये कळलं की तो फरक डीआरडी२ मध्ये नाहीच, शेजारच्या दुसऱ्याच जीनमध्ये आहे. बांध चुकला म्हणायचा. त्यामुळं उद्या कुणी ‘रक्ताचा एक थेंब द्या, पोरगा दारू पिणार का सांगतो’ म्हणालं तर हसून पुढं जावं.

नंतर शास्त्रज्ञांनी पद्धत बदलली. एकेका जीनवर नेम धरण्याऐवजी हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसं घेऊन सगळाच जनुकीय नकाशा ताडून बघितला. २०१४ मध्ये स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या १०८ जागा सापडल्या, २०२२ मध्ये तो आकडा २८७ झाला. त्यातली एक जागा खरोखरच डीआरडी२ पाशी आहे. त्याच वर्षी ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्या रसायनाचं दार घडवणाऱ्या जीनमध्येही, अगदी थोड्या रुग्णांत, मोठे बिघाड सापडले. म्हणजे दाराचा आणि आजाराचा संबंध आहे. पण बहुतेकांच्या बाबतीत एकेका जागेचा वाटा इतका लहान की शेकडो मिळून कुठं थोडं पारडं झुकतं. आणि दाराच्या घडणीवरून कुणाला कुठली गोळी लागू पडेल हे सांगण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. नैराश्याच्या गोळ्यांबाबत तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०२३ मध्ये हेच सांगितलं. लिव्हरचे जीन बघून डोस ठरवायला आधार आहे, सेरोटोनिनच्या दाराचा जीन बघून ठरवायला नाही.

आपल्याकडं याचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो सोयरीक जमवताना. ‘त्यांच्या घराण्यात वेड आहे’ एवढं एक वाक्य कुणी कानात सांगितलं की बैठक मोडते. त्यासाठी आकडे माहीत असू द्या. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारणपणे शंभरात एकाला होतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण शंभरातली नव्वद मुलं या आजारापासून लांबच राहतात हेही तेवढंच खरं. एकाच नाळेची हुबेहूब जुळी भावंडं घ्या, दोघांचे जीन तंतोतंत सारखे. एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात तीस ते पन्नास. रक्तातच सगळं ठरलेलं असतं तर ते शंभर असायला हवं होतं. आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतोच. ज्या घराण्याला नाव ठेवायला जागा नाही, तिथंही तो येतो. गांजा हा बाकीच्या कारणांतला एक मोठा भिडू आहे, विशेषतः कोवळ्या वयात ओढला तर.

सोयरीक मोडेल म्हणून आजार लपवला जातो, आणि लपवायचा म्हणून लग्नानंतर गोळ्या बंद केल्या जातात. यात नुकसान त्या मुलीचं किंवा मुलाचं होतं. गोळी कुठली चालू आहे हे नवऱ्याला, सासूला माहीत असलं तरच दिवस जाण्याआधी डॉक्टरला विचारता येतं. व्हॅल्प्रोएटसारखी गोळी पोटातल्या बाळाला घातक असते, ती आधीच बदलावी लागते.

पुण्यात या विषयावर उघड बोलण्याचं मोठं काम डॉ. जगन्नाथ वाणी यांनी केलं. ते कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, आणि त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ मध्ये आलेला ‘देवराई’ हा मराठी सिनेमाही त्यांच्याच पुढाकारातून झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो केला, अतुल कुलकर्णी यांनी रुग्णाचं काम केलंय. घरात असा माणूस असेल त्यांनी एकदा सगळ्यांनी मिळून बघावा.

बिडी, वारी आणि गोळी

गाळप जीनवर ठरतं, पण सगळं जीनवर नाही. क्लोझापिन ही गोळी दुसऱ्या औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांना देतात. तिचं गाळप करणारं एन्झाइम बिडी-सिगारेटच्या धुरानं जोरात चालायला लागतं. तंबाखू मळून खाल्ली, मिश्री लावली तर तसं होत नाही, कारण हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. आता समजा बिडी ओढणाऱ्या माणसाचा डोस त्याच्या बिडीसकट बसवलाय. तुकोबांची पालखी निमगाव केतकी, इंदापूरवरून पुढं निघाली, यानं माळ घातली आणि बिडी एकदम सोडली. चांगलंच केलं. पण आठवड्याभरात त्याच गोळीचं रक्तातलं प्रमाण दीडपटीच्या आसपास जाऊ शकतं. माणूस गुंगीत राहतो, लाळ गळते, झटकाही येऊ शकतो. बिडी सोडायचीच, फक्त सोडायच्या आधी डॉक्टरला फोन करायचा. या गोळीमुळं काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. ती तपासणी पैसे काढायला नसते.

लिथियमचं तर लिव्हरशी घेणंच नाही, ते मूत्रपिंडातून जातं. बायपोलर आजारात, म्हणजे कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी अशा आजारात, ते देतात. उन्हात ऊसतोड करून घाम गेला, जुलाब लागले, मीठ बंद केलं, किंवा अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेतली की लिथियम अंगात साठतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं, उलट्या सुरू झाल्या तर दारू प्यायला असेल असं समजून झोपवू नका. थेट दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट जीनशी जोडलेली आणि जिवाशी गाठ असलेली. फिट आणि बायपोलर आजारात कार्बामाझेपिन नावाची गोळी देतात. एचएलए-बी१५:०२ हा जनुकीय नमुना ज्यांच्यात असतो, त्यांच्या अंगाची कातडी या गोळीनं भाजल्यासारखी सोलून निघण्याचा धोका मोठा असतो. हे पहिल्यांदा २००४ मध्ये तैवानमध्ये लक्षात आलं, नंतर भारतातल्या रुग्णांतही दिसलं. गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप, अंगावर लाल चट्टे, तोंडात फोड, डोळे लाल असं काही दिसलं तर गोवर समजून कडुनिंबाचा पाला घालत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पुढची गोळी तोंडात टाकण्याआधी डॉक्टरला विचारा.

मग जीनची तपासणी करावी का?

मोठ्या शहरांतल्या लॅब आता ‘तुमच्या जीनला कुठली मानसिक आजाराची गोळी चालेल’ असे रिपोर्ट काही हजार रुपये घेऊन देतात. लाल, पिवळा, हिरवा असे रंग टाकलेला कागद मिळतो. त्यातला लिव्हरच्या एन्झाइमचा भाग कामाचा, तोही दोन-तीन गोळ्या बदलूनही त्रास होतोय किंवा काहीच गुण येत नाही अशा माणसासाठी. मेंदूतल्या दारांचा भाग अजून कच्चा आहे. कर्ज काढून, जनावर विकून ही तपासणी करावी असं मला वाटत नाही. त्यापेक्षा तेच पैसे सहा महिने वेळेवर दवाखान्यात जायला लागणाऱ्या एसटीला आणि बुडणाऱ्या रोजंदारीला वापरलेले बरे. शिवाय जगातल्या या अभ्यासांत आपल्या लोकांचे नमुने अजून फार थोडे आहेत. जीनोम इंडिया प्रकल्पात देशातल्या सुमारे दहा हजार माणसांचा जनुकीय नकाशा तयार झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांना खुला झाला. त्यातून पुढं काही निघेल.

तोवर सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे घरच्यांची नजर. एका वहीत लिहून ठेवा. गोळी कधी सुरू केली, कितव्या दिवशी काय झालं, झोप किती, थरथर कुठल्या हाताला, पाळी कधीची चुकली, बिडी किती, दारू किती, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, त्यात गावठी पुड्यासुद्धा. घरात दुसऱ्या कुणाला हाच आजार असेल आणि त्याला एखादी गोळी लागू पडली असेल किंवा बाधली असेल, तर तेही सांगा. डॉक्टरकडे तुमच्यासाठी पाच-सात मिनिटं असतात, ही वही दिली तर ती वाया जात नाहीत. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात हे धरून चला. त्रास झाला तर गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, आधी विचारा.

विचारायला तालुक्याला जायलाच पाहिजे असंही नाही. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेली मानस नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी दवाखान्यात हे उपचार मिळणं हा हक्क केलाय. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते.